वळणावर दम सोडणारी गाडी

४ फेब्रुवारी

मामा,

तब्येतीची चौकशी पत्राच्या शेवटी करते, आधी माझं गाऱ्हाणं. तुला फोन करून करून माझं बोट झिजलं. दरवेळी मामी उचलते आणि सांगते, "अंघोळीला गेलेत." सत्तरीच्या माणसाला दिवसाला चार अंघोळी लागतात हे मला पटत नाही, पण मामीशी वाद कोण घालणार? म्हणून हे पत्र.

आपली पिकअप बिघडली आहे. बाबांनी घेतलेली तीच, बावीस वर्षांची. त्यांच्यामागे लॉण्ड्री दादाने सांभाळली आणि गाडी मी. अकरा वर्षं रोज सकाळी धुतलेल्या चादरींचे गठ्ठे भरते, टेकडीवरच्या दवाखान्यात उतरवते आणि मळके गठ्ठे घेऊन खाली येते. एवढ्या वर्षांत गाडीने कधी हू की चू केलं नाही. गेले पाच आठवडे मात्र चढाच्या मध्यावर, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, तिची ओढच जाते. पाय पूर्ण दाबला तरी ढिम्म. धापा टाकत पहिल्या गिअरात रांगते, कधी सरळ बंद पडते. मागे गाड्यांची रांग लागते आणि लोक जे बोलायचं ते बोलतात. दोन मिनिटांनी चालू केली की गुमान वर जाते. सपाट रस्त्यावर काही नाही. आठवड्यातून तीन-चारदा तरी होतंच, गुरुवारी मात्र कधीच नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. गॅरेजवाला दोनदा माझ्याबरोबर वर आला. दोन्ही वेळा गाडी गुणी मुलीसारखी चढली. दादा आला, तेव्हाही तेच. आता दोघं माझ्याकडे असे बघतात की बिघाड गाडीत नसून माझ्यात आहे. दादा तोंडाने तसं म्हणत नाही. तो म्हणतो, "तू दमली आहेस." हे जास्त लागतं.

इंजिन नुसतं ऐकून दुखणं सांगणारा तू. तेव्हा सांग.

तब्येत कशी आहे?

तुझी भिंगरी


८ फेब्रुवारी

भिंगरे,

तब्येत ठणठणीत. अंघोळींवर बोलायचं काम नाही, स्वच्छ माणूस आहे मी. आणि फोनचं म्हणशील तर फोनवर माणसं बोलतात फार आणि सांगतात कमी. कागदावर थापा मारायला हात जड होतो. तेव्हा लिहीतच जा.

घाबरण्यासारखं काही नाही. पन्नास वर्षांत माझ्या हातून एकही गाडी दुखणं लपवून सुटलेली नाही. इंजिनाला लागतं काय, तर पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तिघांपैकी एक जण कामचुकारपणा करतोय. पहिल्यांदा पेट्रोलच्या टाकीचं झाकण जरा सैल ठेवून चढ चढून बघ. झाकणाचं श्वासाचं भोक बुजलं की टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल अडतं. तेवढ्याने भागलं नाही तर पेट्रोलचा फिल्टर बदल, हवेचा झाडून काढ, प्लग साफ कर. आज एक, उद्या एक. सगळं एकदम केलंस तर चोर कोण ते कधीच कळणार नाही.

आता एक प्रश्न, रागावू नकोस. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय लागली आहे का तुला? तुझ्या आईला होती.

आणि गुरुवारी काय वेगळं असतं ते लिही.

मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

रागावू नकोस म्हणून जो प्रश्न विचारतात तो रागावण्यासारखाच असतो. क्लचवर पाय ठेवत नाही मी. आईच्या नावाने माझी परीक्षा घेऊ नकोस.

तू सांगितलंस ते सगळं एक-एक करून केलं. झाकण सैल ठेवलं, दुसऱ्या दिवशी वळणावर गाडी बसली. नवा फिल्टर घातला, त्याच वळणावर बसली. प्लग साफ केले, हवेचा फिल्टर झाडला, तेव्हा मात्र दोन दिवस नीट चढली. मी मनात पेढे वाटून मोकळी झाले आणि तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. त्या दोन दिवसांत एक दिवस गॅरेजवाला बरोबर होता आणि दुसरा गुरुवार होता. गुरुवारी वेगळं काही नसतं. तोच रस्ता, तेच वजन, तीच मी.

आता मुख्य गोष्ट. दादाने तारीख ठरवली. सोमवार, ११ मार्चपासून तो एक ड्रायव्हर ठेवतोय. "हात बसलेला माणूस आहे," म्हणाला. माझा हात अकरा वर्षांत बसला नाही असा अर्थ निघतो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. मला काउंटरवर बसायचंय, पावत्या फाडायला. चढावर मागून गाडी येऊन आदळली तर, या काळजीने त्याला घास गिळत नाही, हे खरं आहे. त्याच्या काळजीत खोट नाही म्हणून तर भांडता येत नाही.

पण मामा, काउंटरवर मी महिन्याभरात सुकून जाईन. सकाळी गाडी वर चढते, दवाखान्याच्या फाटकातला वॉचमन हात करतो, मागच्या दाराशी बायका वाट बघत असतात, तेवढा वेळ मी कुणाची बहीण नसते की कुणाची ताई नसते. ती फेरी माझी आहे. ती गेली तर माझ्याकडे दुसरं काय आहे ते मला सांगता येत नाही.

इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून तुझ्या फोनवर पाठवलाय, बरोब्बर बिघडतानाचा. ऐक आणि निकाल दे.

भिंगरी


१९ फेब्रुवारी

भिंगरे,

ऐकला आवाज. दोनदा ऐकला. टाकीतला पंप गेलाय, शंभर टक्के. सपाटीवर इंजिन कमी पितं म्हणून तिथे भागतं. चढावर पुरतं पेट्रोल लागतं आणि पंप हात वर करतो. पंप बदल आणि दादाला सांग, ड्रायव्हरला दुसरीकडे नोकरी शोधायला लाव.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

पंप बदलला. गॅरेजवाल्याने टाकी उतरवून नवा घातला, माझ्याबरोबर वर येऊन बघितलं, गाडी सुसाट. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली, ड्रायव्हरचं मात्र ठरलं होतं तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले आणि वळणावर गाडी मटकन बसली. मागे शाळेची बस होती. तिच्या ड्रायव्हरने खाली उतरून मला विचारलं, घरात दुसरं कुणी नाही का गाडी चालवणारं? मी घरी येऊन दादाला हे सांगितलंच नाही. कोणत्या तोंडाने सांगणार होते?

पण पत्र त्यासाठी नाही. आमचा कपडे पिळायचा ड्रम त्याच आठवड्यात खडखडत होता. त्याचाही आवाज मी रेकॉर्ड करून त्याच्या कारागिराला पाठवला होता. काल तो माणूस भेटला आणि मला विचारतो, "बाई, तुमच्या ड्रमला गिअर कधीपासून आले?"

फोन काढून बघितला. त्याला मी गाडीचा आवाज पाठवला होता. आणि तुला ड्रमचा.

तू दोनदा ऐकलास म्हणतोस. एकदा जरी ऐकला असतास तरी मला येडी म्हणून पत्र फाडून टाकलं असतंस. घंगाळ बडवल्यासारखा आवाज आहे तो, पोरसुद्धा सांगेल हे इंजिन नाही. मग शंभर टक्के कुठून आले? माझ्याकडे सोळा दिवस उरलेत आणि तू मला उडवून लावलंस. एवढा राग मला त्या बसवाल्याचाही आला नाही.

हे लिहून पाकीट बंद केलं होतं. पुन्हा उघडतेय. मामी फोन का उचलते, तू कधीच का नाही, ते आता डोक्यात आलं. मामा, तुला ऐकू येत नाही का?

भिंगरी


२७ फेब्रुवारी

भिंगरे,

नाही येत.

अडीच वर्षं झाली. डावा कान आधी गेला, मग उजवा. समोर बसून कुणी सावकाश बोललं तर ओठांवरून समजतं. फोनवर समजत नाही. मामी बिचारी माझ्यासाठी खोटं बोलते आणि मला अंघोळीला पाठवते.

कुणाला सांगितलं नाही. लोक लांबून गाड्या घेऊन यायचे, मी डोळे मिटून बॉनेटजवळ उभा राहायचो आणि सांगायचो. सगळा मान त्या कानांचा होता. ते गेल्यावरही मी डोळे मिटून उभा राहत होतो. बॉनेटवर तळहात ठेवला की धडधड कळते, बाकीचं लक्षणांवरून ठोकून द्यायचं. बहुतेकदा बरोबर निघायचं. तुझंही तसंच ठोकून दिलं. लाज वाटली म्हणून खरं बोललो नाही आणि तुझे दिवस वाया घालवले. माझं चुकलं. तू रागावलीस ते बरंच केलंस.

पत्र आलं तेव्हा रडलो थोडा. मग ड्रमवाल्याचं आठवून हसायला आलं. मामीला वाटलं मला काहीतरी झालं.

आता कामाचं बोलू. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत. काल तुझी तिन्ही पत्रं टेबलावर ओळीने मांडली आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. गाडी जेव्हा-जेव्हा नीट चढली तिथे खूण केली. गॅरेजवाला बरोबर, चढली. दादा बरोबर, चढली. पुन्हा गॅरेजवाला, चढली. बिघडली तिथे फुली मारली. एकाही फुलीशी दुसऱ्या माणसाचं नाव नाही. दरवेळी तू एकटी.

तू म्हणशील, मामाही आता दादाच्या बाजूने गेला. नाही गेला. गाडीला माणूस ओळखता येत नाही, तिला फक्त वजन कळतं. शेजारी माणूस बसला की तिथे काहीतरी दाबलं जातं आणि माणूस उतरला की ते सुटतं. तुझ्या पिकअपमध्ये टाकीतल्या पंपाला करंट नेणारी वायर शेजारच्या सीटपुढून, पाय ठेवायच्या जागेतून, मॅटखालून जाते. तिथे एक प्लास्टिकचा जोड असतो, कपलर म्हणतात. मॅट उचल आणि बघ. सैल असणार. चढावर गाडी हादरते, कपलर सुटायला येतो, पंपाला करंट अर्धा मिळतो. माणसाने त्यावर पाय ठेवला की चपखल बसतो.

एक गुरुवार तेवढा माझ्या गणितात बसत नाही. त्या दिवशी तुझ्या शेजारी कोण असतं? लाजू नकोस, मी कुणाला सांगणार नाही.

मामा


२ मार्च

मामा,

आधी कानांचं. मला सांगितलं असतंस तर मी अडीच वर्षं लिहिलं असतं. फोनवर मी मामीशी नुसतं हवापाणी बोलत राहिले. पुढच्या महिन्यात येते आणि तुला कानाच्या डॉक्टरकडे नेते. यावर चर्चा नाही.

गुरुवारी शेजारी कुणी नसतं, तुझा हिरमोड झाला तर माफ कर. तू विचारलंस तेव्हा काही वेगळं नाही असं मी ठासून लिहिलं. वाचून पुन्हा विचार केला आणि कपाळावर हात मारला. गुरुवारी हॉटेलचे नॅपकिन असतात. कडक इस्त्रीचे, मागे टाकले तर चुरगळतात, म्हणून तो गठ्ठा मी पुढे माझ्या शेजारी, खाली मॅटवर ठेवते. अकरा वर्षं ठेवते, म्हणून तो मला दिसतच नाही.

मॅट उचलली. कपलर तिथेच आहे, तू म्हणालास तसा. त्याची पकडायची खिट्टी तुटली आहे. डिसेंबरात मॅट धुवायला काढली होती तेव्हा माझ्याच हातून तुटली असणार. काल ओल्या टॉवेलांचं एक बोचकं त्यावर ठेवून वळण चढले, गाडी पक्ष्यासारखी गेली. आज बोचकं न ठेवता गेले, बसली. मग उजव्या हाताने स्टिअरिंग धरून डाव्या हातातल्या छत्रीच्या टोकाने कपलर दाबला. उठली आणि चालू लागली. मी एकटी गाडीत मोठ्याने हसत होते. मागच्या गाडीवाल्याला मी वेडी वाटले असेन.

पाच मिनिटांचं काम आहे. नवा कपलर आणला आहे, उद्या बसवते आणि दादाला सांगते.

भिंगरी


५ मार्च

भिंगरे,

हे पत्र पोचेपर्यंत बसवला नसशील तर बसवू नकोस. बसवला असशील तर काढ.

विचार कर. तू गुपचूप दुरुस्त केलंस की दुसऱ्या दिवसापासून गाडी नीट चालेल. दादा काय म्हणेल? म्हणेल, हिचा हात सुधारला. गॅरेजवाला म्हणेल, माझ्या पंपाचा गुण. तू कपलर दाखवशील, ते माना डोलावतील आणि एवढ्याशा प्लास्टिकने काय होतं असं मनात म्हणतील. बिघाड त्यांनी डोळ्यांनी बघितलेला नाही. न बघितलेला बिघाड बाईचा असतो. माझ्या गॅरेजातसुद्धा तसंच होतं, मी काही वेगळा नव्हतो. क्लचचं मीच विचारलं ना तुला?

दादाला सांग, ड्रायव्हरला रस्ता समजावून द्यायचाय तर आधी तू एकदा स्वतः जाऊन ये. एकट्याने. नॅपकिन नकोत, छत्री नको. तू वळणावर आधीच जाऊन उभी राहा.

काल एक जण मोटार घेऊन आला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, ऐका जरा. मी त्याला सांगितलं, ऐकू येत नाही, कधी आणि कशी बिघडते ते लिहून दे. तो भला माणूस खाली बसून दोन पानं लिहीत राहिला. मामीने त्याला चहा दिला.

मामा


१२ मार्च

मामा,

पत्र शुक्रवारी मिळालं. कपलर बसवला नव्हता, त्या दिवशी दुकानाच्या गडबडीत राहून गेलं आणि नंतर माझंच मन होईना. का ते तुझं पत्र वाचल्यावर कळलं.

शनिवारी सकाळी दादा एकटा निघाला. मी त्याच्याआधी पायऱ्यांच्या वाटेने वळणावर जाऊन टाकीच्या भिंतीपाशी उभी राहिले. आज नेमकी चढली तर, असं वाटत होतं. आपलीच गाडी बिघडावी म्हणून मी देवाला हात जोडले, काय सांगू तुला.

ती आली. वळणावर खोकली, हळू झाली आणि उभी राहिली. दादाने चालू केली, हातभर पुढे आली, पुन्हा बसली. मागे चार गाड्या आणि एक ट्रक. हॉर्न सुरू झाले. ट्रकवाल्याने मान बाहेर काढून ओरडून विचारलं, चालवता येत नाही तर रस्त्यावर आणता कशाला? दादा लालबुंद झाला होता. पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होता, मामा. मला वाटलं होतं मजा येईल. नाही आली. दहा आठवडे मी कशी दिसत असेन ते दिसलं.

मी धावत जाऊन दार उघडलं, त्याच्या शेजारी बसले आणि मॅटवर दोन्ही पाय रोवले. आता लाव, म्हणाले. गाडी उठली आणि चढू लागली. थोडं पुढे गेल्यावर मी पाय उचलले. धाप लागली. पाय ठेवले, चढली. तीनदा तसं केलं. दादा आळीपाळीने रस्त्याकडे आणि माझ्या पायांकडे बघत होता.

दवाखान्याच्या फाटकात त्याने गाडी उभी केली. मग म्हणाला, "मी शेजारी बसलो होतो म्हणून ती ठीक होती. आणि मी घरी येऊन तुला दमलीस म्हणालो."

मी म्हटलं, "हो."

आणखी काहीतरी बरं बोलायला हवं होतं, पण मला रडू येत होतं. त्याने गठ्ठे एकट्याने उतरवले, मला हात लावू दिला नाही. खाली आल्यावर मी मॅट उचलून नवा कपलर बसवला आणि तो शेजारी टॉर्च धरून बसला.

काल सोमवार. ठरल्याप्रमाणे ड्रायव्हर हजर. दादाने त्याला दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं, इस्त्रीवाले होते, गॅरेजवालाही आला होता, की तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, बिघाड गाडीत होता, चालवणारीत नव्हता. गॅरेजवाला खाली बघत होता. दादाने किल्ली खिशातून काढली आणि माझ्यापुढे धरली. शेजारी येऊन बसू का, असं त्याने सवयीने विचारलं आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं.

मी नको म्हटलं. एकटीच गेले. वळण आलं तेव्हा पाय आपोआप ताठ झाला, दहा आठवड्यांची भीती एका दिवसात जात नाही. शेजारची जागा रिकामी होती, मॅटवर काही नव्हतं. तिसऱ्या गिअरात गेले, मामा, एका दमात, थेट वरपर्यंत.

तुझी
भिंगरी